बंद पडलेली मोटर

(अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात यंत्रदुरुस्तीचे काम करणारे एक मराठी गृहस्थ सुटीत आपल्या गावी आले होते. त्या वेळी त्यांनी शाळेतील मुलांपुढे केलेले हे भाषण आहे.)



तुमच्यापैकी बरेच जण होडीत बसले असतील. कोणी खाडी ओलांडताना, तर कोणी नदीपलीकडच्या गावी जाताना. होडी वल्हवणाऱ्या माणसाचे दंड कसे भरून येतात, ते तुम्ही पाहिले असेल. वारा समोरून असला तर विचारूच नका. दहा हात पुढे जावे आणि पाच हात मागे यावे, अशी गत होते. आज मी तुम्हांला एका यंत्राविषयी सांगणार आहे. ते होडीच्या मागच्या फळीला अडकवले, की वल्ही बाजूला ठेवता येतात. बाजूला ठेवता येतात, असे मी म्हणालो. काठावर ठेवून जावीत, असे म्हणालो नाही, बरे का! त्याचे कारण पुढे येईलच.

या यंत्राला आउटबोर्ड मोटर म्हणतात. आउटबोर्ड म्हणजे होडीच्या बाहेर असलेली. मोठ्या जहाजाचे इंजिन जहाजाच्या पोटात असते. ही मोटर मात्र होडीच्या पाठीमागे लटकत असते. दिसायला ती एका पायावर उभ्या असलेल्या बगळ्यासारखी. वर डोके, मध्ये लांब पाय आणि पाण्यात बुडालेला पंजा. डोक्यात इंजिन असते. त्या इंजिनाने फिरणारा एक उभा दांडा पायातून खाली जातो. तळाशी गियरची लहानशी पेटी असते. दांड्याचे उभे फिरणे ती आडवे करते आणि पंखा फिरवते. पंखा पाणी मागे लोटतो आणि होडी पुढे जाते. होडी वळवायची, तर मुठीत धरलेल्या दांड्याने अख्खी मोटरच वळवायची. वेगळे सुकाणू लागत नाही.

मी राहतो त्या विस्कॉन्सिन राज्यात हजारो तळी आहेत. फार पूर्वी तेथे बर्फाचे प्रचंड थर होते. ते वितळत मागे हटले आणि त्यांनी कोरलेल्या खळग्यांत पाणी साठले. तीच ही तळी. उन्हाळ्यात सुटीच्या दिवशी तळ्यावर इतक्या होड्या असतात, की आपल्याकडच्या जत्रेची आठवण व्हावी. ही मोटर घरोघरी पोहोचली, ती याच राज्यातील एका माणसामुळे.

त्याचे नाव ओले एव्हिनरूड. तो १८७७ साली नॉर्वे देशात जन्मला. लहानपणीच तो अमेरिकेत आला. शेतीपेक्षा त्याचे मन यंत्रात रमे. सोळाव्या वर्षी तो घराबाहेर पडला आणि निरनिराळ्या कारखान्यांत काम करत यंत्रे शिकला. पुढे तो मिलवॉकी या शहरात राहू लागला. तेथे बेस कॅरी नावाच्या मुलीशी त्याची ओळख झाली. त्यांची एक गोष्ट अमेरिकेत आवडीने सांगतात. उन्हाळ्याच्या एका दिवशी ही मंडळी ओकॉची नावाच्या तळ्यातील बेटावर सहलीला गेली होती. ऊन रणरणत होते. बेसला आइस्क्रीम खावेसे वाटले. ओलेने होडी काढली, वल्हवत वल्हवत काठ गाठला, आइस्क्रीम घेतले आणि पुन्हा वल्हवत तो बेटाकडे निघाला. पोहोचेपर्यंत आइस्क्रीमचे पाणी झाले होते! त्या दिवशी त्याच्या मनात आले, की होडीला लावता येईल असे लहानसे इंजिन असते, तर किती बरे झाले असते!

गोष्टी सांगता सांगता थोड्या गोड होतात, तशी हीही झाली असेल. पण पुढचे काम मात्र पक्के आहे. पुढे ओले आणि बेस यांचे लग्न झाले. ओलेने मोटर बनवली. ती पहिल्यांदा पाहून बेस म्हणाली म्हणे, की ही तर कॉफी दळण्याच्या यंत्रासारखी दिसते! १९०९ साली त्या मोटरींची विक्री सुरू झाली. मोटर होती दीड अश्वशक्तीची आणि वजन होते सुमारे २८ किलो. म्हणजे तुमच्यापैकी एखाद्याएवढेच. ओले कारखान्यात राबे आणि पत्रव्यवहार व जाहिराती बेस पाहत असे. आता मोटर घ्या आणि वल्ही फेकून द्या, अशा अर्थाची तिची जाहिरात फार गाजली. ओलेच्या आधी, १९०५ साली, कॅमेरॉन वॉटरमन या माणसानेही अशी मोटर तयार केली होती. तेव्हा ओले पहिला नव्हे. पण साध्या कोळ्याला आणि शेतकऱ्याला परवडेल, उचलता येईल आणि स्वतः दुरुस्त करता येईल, अशी मोटर लोकांपर्यंत नेण्याचे मोठे काम ओले आणि बेस यांनी केले. पुढे ओलेने ॲल्युमिनियम वापरून आणखी हलकी मोटर काढली. १९३४ साली तो वारला. त्याच्या नावाच्या मोटरी २०२० सालापर्यंत तयार होत होत्या. त्या बनणे आता थांबले आहे. पण जुन्या मोटरी हौसेने दुरुस्त करून चालवणारे लोक अमेरिकेत अजून पुष्कळ आहेत.

बेसच्या जाहिरातीतील एक गोष्ट मात्र मी कोणालाही करू देत नाही. ती म्हणजे वल्ही फेकणे. कारण मोटर बंद पडते. आज ना उद्या प्रत्येक मोटर बंद पडते. रस्त्यात गाडी बंद पडली, तर माणूस खाली उतरून चालू लागतो. तळ्याच्या मध्यावर कोठे उतरणार?

मोटर बंद पडली, की बहुतेक लोक काय करतात, सांगू? दोरी ओढत सुटतात. या मोटरीला चालू करण्यासाठी एक दोरी असते. ती जोरात ओढली, की इंजिन फिरते. वीस वेळा ओढतात, तीस वेळा ओढतात, हात दुखेपर्यंत ओढतात. मग रागाने मोटरीला थापट्या मारतात. मोटरीला बिचारीला राग, लोभ काही नसतो. तिला काहीतरी हवे असते आणि ते मिळत नसते. काय मिळत नाही, हे तिच्याकडूनच काढून घ्यावे लागते.

डॉक्टर औषध देण्याआधी काय विचारतात? कधीपासून दुखते? कोठे दुखते? मीही आधी एकच प्रश्न विचारतो : मोटर कशी थांबली? खोकत, आचके देत थांबली, की दिवा मालवावा तशी एकदम? खोकत थांबली असेल, तर तिला पेट्रोल पुरत नसण्याचा संभव जास्त. एकदम थांबली असेल, तर ठिणगी बंद झाली असण्याचा संभव जास्त. पाना हातात घेण्यापूर्वीच अर्धे काम होते, ते असे.

ठिणगीचे आधी पाहू. मोटरीच्या डोक्यात पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते. तिला पेटवायला ठिणगी लागते. स्वयंपाकघरात आई गॅसची शेगडी पेटवते, तेव्हा लायटरमधून चट् करून ठिणगी पडते ना, तशीच. ती पाडणाऱ्या भागाला स्पार्क प्लग म्हणतात. आता मोटर एकदम थांबली, म्हणजे प्लगच बिघडला असे समजून लोक तो काढायला धावतात. मी मात्र प्रथम एक लाल दोरी पाहतो. मोटर चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा कमरेला ती बांधलेली असते आणि तिचे दुसरे टोक मोटरीवरच्या बटणात अडकवलेले असते. माणूस तोल जाऊन पाण्यात पडला, की दोरी निघते आणि मोटर त्या क्षणी थांबते. नाहीतर काय होईल? होडी एकटीच गोल गोल फिरत राहील आणि तिचा पंखा पाण्यात पडलेल्या माणसाच्या अंगावर येईल. असे अपघात खरोखर झाले आहेत. म्हणून अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून लहान मोटरबोटी वेगाने चालवताना ही सोय वापरण्याचा कायदाच झाला. हीच दोरी चुकून कोपराच्या धक्क्याने निघते. मोटर थांबते आणि मंडळी तासभर प्लग पुसत बसतात!

दोरी जागेवर असेल, तर मात्र प्लग काढून पाहावा. त्याचे तोंड पुष्कळ काही सांगते. तव्यावरची भाकरी पाहून आच कशी होती, हे आजी ओळखते ना? तसेच आहे. नीट भाजलेल्या भाकरीच्या डागासारखा तांबूस रंग असेल, तर इंजिनाचे पोट ठीक आहे. काळा आणि ओला असेल, तर पेट्रोल किंवा तेल जास्त होत आहे. पांढरा पडला असेल, तर इंजिन फार तापत आहे. हे काम मोठ्या माणसांचे आहे. तुम्ही शेजारी उभे राहून पाहा. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण ठिणगीने भडकते. म्हणून पेट्रोल सांडलेले असताना कोणताही कारागीर ठिणगी पाडून पाहत नाही.

आता पेट्रोलकडे वळू. येथे मला एका आजींची गोष्ट सांगितलीच पाहिजे.

आमच्या शहरात एक मराठी कुटुंब राहते. त्यांच्याकडे एका उन्हाळ्यात चिपळूणहून आजी आल्या होत्या. मुलाने शेजाऱ्याची जुनी होडी मागून आणली आणि आई, बायको व दोन मुले यांना घेऊन तो तळ्यात निघाला. पाच-सात मिनिटे मोटर छान चालली. मग खोकली आणि थांबली. दोरी ओढली, काही नाही. थोडा वेळ गेला. पुन्हा ओढली, तर चालू झाली! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन मिनिटांनी पुन्हा खोकून थांबली. असे तीनदा झाले. मुलगा स्वतः इंजिनिअर होता. त्याने मोटरीचे झाकण काढले, तारा पाहिल्या, प्लग पुसला. काठ दूर होता आणि पश्चिमेकडून ढग येऊ लागले होते. नातवंडे घाबरून आजींना बिलगली.

आजींच्या पायाशी पेट्रोलची प्लास्टिकची टाकी होती. त्या म्हणाल्या, "अरे, हा डबा बघ कसा आत ओढला गेलाय! याला दुसरं भोक आहे की नाही?"

"दुसरं भोक कशाला, आई?"

"तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना? एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून वारा आत. एकच पाडलं तर धार येते का कधी?"

मुलगा पाहतच राहिला. टाकीच्या झाकणावर हवेसाठी एक लहानसा स्क्रू होता. तो घट्ट बंद होता. त्याने तो दोन फेरे सैल केला. फुस्स करून हवा आत गेली आणि टाकीच्या चेपलेल्या बाजू टक् करून बाहेर आल्या. पुढच्या ओढीला मोटर चालू झाली, ती काठ येईपर्यंत थांबली नाही.

काय झाले होते, ते तुमच्या लक्षात आले असेल. मोटर टाकीतून पेट्रोल ओढत होती. जेवढे पेट्रोल बाहेर जाई, तेवढी हवा आत यायला हवी. ती येईना. मग टाकीतील हवेचा दाब कमी झाला आणि पेट्रोल बाहेर येईनासे झाले. मोटर थांबली, की कोठल्या तरी फटीतून थोडी हवा आत शिरे आणि मोटर पुन्हा दोन मिनिटे चाले. थोडे चालणे, थांबणे, विश्रांती घेऊन पुन्हा चालणे, ही या बिघाडाची खूणच आहे. तुम्ही घरी करून पाहा. बाटलीत पाणी भरा, तिच्या तोंडाला नळी घट्ट बसवा, फट राहू देऊ नका आणि पाणी ओढा. थोड्या वेळाने बाटली चेपेल आणि पाणी येईनासे होईल.

टाकीपासून मोटरीपर्यंत रबराची नळी असते. तिच्या मध्ये लिंबाएवढा रबरी फुगा असतो. तो दाबला, की पेट्रोल पुढे ढकलले जाते. दाबता दाबता फुगा कडक झाला, म्हणजे पेट्रोल पोहोचले. कितीही दाबला तरी मऊच राहिला, तर टाकी रिकामी आहे किंवा नळीत कोठेतरी हवा शिरते आहे. आणि चालती मोटर आचके देऊ लागली, फुगा दाबताच सावरली, तर समजावे की तिचा स्वतःचा पेट्रोल ओढणारा पंप थकला आहे किंवा वाटेत कोठेतरी अडथळा आहे.

पेट्रोल पोहोचते, पण ते चांगले आहे का? हा निराळा प्रश्न. जुन्या पद्धतीच्या मोटरींना पेट्रोलात तेल मिसळून द्यावे लागते. आपल्याकडे पूर्वीच्या स्कूटरींना देत असत, तसे. पुष्कळ मोटरींना पाच लिटर पेट्रोलात १०० मिलिलिटर तेल पुरते. कमी झाले, तर आतले भाग घासून जळतात. जास्त झाले, तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो. शिवाय अमेरिकेत बहुतेक पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते मुख्यतः मक्यापासून काढतात. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. टाकी महिनोन्महिने पडून राहिली, की पाणी तळाशी जमते आणि मोटर नेमके तळाचेच ओढते. पाण्याने मोटर कशी चालणार?

पेट्रोल शिळेही होते. हे ऐकून तुम्हांला हसू येईल, पण ते खरे आहे. पडून राहिलेले पेट्रोल हळूहळू उडून जाते आणि मागे डिंकासारखा चिकट थर राहतो. कार्ब्युरेटर नावाच्या भागात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण होते. त्यातील भोके सुईच्या टोकाएवढी बारीक असतात. तेथे हा डिंक बसला, की संपलेच. विस्कॉन्सिनमध्ये हिवाळा संपून तळी मोकळी झाली, की दुरुस्तीच्या दुकानांपुढे मोटरींची रांग लागते. तक्रार बहुतेक एकच : "मागच्या वर्षी तर छान चालत होती!" हाच डिंक. तो औषधाने विरघळवून हवेने फुंकून काढावा लागतो. तार घालून टोकरू नये. भोक केसभर मोठे झाले, तरी मोटरीचे प्रमाण कायमचे बिघडते.

आता पाण्याची गंमत सांगतो. मोटर तापते, म्हणून तिला थंड करावे लागते. भोवती पाणी भरपूर असते. मोटरीच्या पायात रबराच्या पाकळ्यांचे एक लहान चक्र असते. ते फिरून खालचे पाणी वर चढवते. पाणी इंजिनाभोवती खेळून बाहेर पडते. त्यातील थोडेसे पाणी एका बारीक धारेने मोटरीच्या बाजूने बाहेर सोडलेले असते. त्या धारेला इंग्रजीत 'टेलटेल' म्हणतात. टेलटेल म्हणजे चहाडखोर! चहाडखोर मुले आपल्याला आवडत नाहीत. ही चहाडखोर धार मात्र फार कामाची आहे. ती चालू आहे, तोवर पाणी चढते आहे. ती थांबली, की आधी मोटर बंद करायची. मग पाहायचे. खालच्या जाळीवर शेवाळ किंवा प्लास्टिकची पिशवी चिकटली आहे का? धारेचे भोकच बुजले आहे का? कित्येकदा त्यात मातीचे घर बांधणारी माशी आपले घर करून बसलेली असते! तेथे मात्र बारीक तार घालून मोकळे करायला हरकत नाही. हे सगळे ठीक असेल आणि तरी धार येत नसेल, तर रबराचे चक्र झिजले. ते बदलावे लागते. मोटर पाण्याबाहेर कोरडी चालवली, तर हे चक्र मिनिटभरातही खराब होते. पाणीच त्याचे तेल असते ना! म्हणून अंगणात मोटर तपासायची, तर तिचा पाय पाण्याच्या पिंपात बुडवतात किंवा जाळीवर पाण्याची नळी जोडतात.

कधी कधी याच्या उलट प्रकार होतो. इंजिन जोरात चालते, धार चालते, सगळे ठीक. पण होडी जागची हलत नाही. अशा वेळी पंखा पाहावा. जुन्या आणि लहान मोटरींत पंखा आणि त्याचा दांडा यांच्यामधून पितळेसारख्या मऊ धातूची एक लहानशी पिन घातलेली असते. पंखा खडकावर आपटला, की ही पिन तुटते. आता तुम्ही विचाराल, मग तेथे चांगली पोलादी पिन का घालत नाहीत? मुद्दामच घालत नाहीत. पिन मजबूत असती, तर खडकाचा धक्का थेट गियरला बसला असता आणि गियरचे दात तुटले असते. पिन काही पैशांची, गियर हजारो रुपयांचा. घरातील विजेचा फ्यूज जळतो आणि घर वाचते, तसेच हे आहे. शहाणा नावाडी दोन-चार पिना आणि पक्कड नेहमी जवळ ठेवतो. अतिशहाणा असतो, तो तुटलेल्या पिनेच्या जागी लोखंडी खिळा ठोकतो. त्या माणसाची मोटर पुढच्या खडकानंतर माझ्याकडे येते. आजकालच्या बऱ्याच मोटरींत पिनेऐवजी पंख्याच्या मध्यभागी रबर असते. काम तेच.

पंख्यापाशी आणखी एक शत्रू असतो, मासे पकडण्याच्या गळाचा नायलॉनचा दोरा. तो पंख्यामागे गुंडाळत जातो आणि आतील रबरी कडे कापतो. मोटर त्या दिवशी काही कुरकुरत नाही. पण गियरच्या पेटीत हळूहळू पाणी झिरपू लागते. वर्षातून एकदा पेटीच्या तळाचा स्क्रू काढून तेल पाहायचे, ते यासाठीच. चांगले तेल मधासारखे स्वच्छ वाहते. पाणी शिरले असेल, तर ते ताकासारखे पांढरट होऊन बाहेर येते.

विस्कॉन्सिनमध्ये हे पाहणे हिवाळ्यापूर्वी उरकावेच लागते. तेथे थंडीत तळी इतकी गोठतात, की लोक बर्फावरून चालत जाऊन, बर्फाला भोक पाडून मासे पकडतात. पाण्याचे बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्के जास्त जागा घेते. गियरच्या पेटीत वाटीभर पाणी राहिले, तरी ते गोठून फुगते आणि जाड धातूची पेटी मडक्यासारखी तडकते. शिवाय मोटर आडवी न टाकता उभी ठेवतात, म्हणजे तिला थंड करण्यासाठी वर चढवलेले पाणी आपोआप निथळून जाते. कोकणात बर्फाची भीती नाही, पण खारे पाणी आहे. समुद्रातून आल्यावर मोटर गोड्या पाण्याने आतून धुतली नाही, तर मिठाचे खडे तिच्या वाटा बुजवतात. मोटरीच्या पायाला जस्तासारख्या धातूचा एक तुकडा लावलेला असतो. खारे पाणी आधी त्याला खाते आणि मोटरीचा धातू वाचतो. तो तुकडा झिजून अर्धा झाला, की नवा लावायचा. काहीजण त्याच्यावर छान रंग फासतात. मग पाणी त्याला खाऊ शकत नाही आणि मोटरीलाच खाते!

मुलांनो, मी तळ्यावरच्या सहलींचे सांगत आलो. पण ही मोटर सहलीपुरती नाही. २०१७ साली ऑगस्ट महिन्यात हार्वे नावाचे वादळ आले आणि अमेरिकेतील ह्यूस्टन शहराचे अनेक भाग पाण्याखाली गेले. तेव्हा दूरदूरच्या गावांतील साधी माणसे आपल्या मासेमारीच्या होड्या गाड्यांना जोडून तेथे गेली आणि त्यांनी घराघरांतून लोकांना बाहेर काढले. २०१९ साली ऑगस्टमध्येच कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांना महापूर आला. सांगली आणि कोल्हापूर भागात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, लष्कराच्या आणि नौदलाच्या तुकड्या होड्या घेऊन उतरल्या. छपरावर बसलेल्या माणसांपर्यंत पोहोचणाऱ्या रबरी होड्यांच्या मागे हीच मोटर लटकलेली असते.

पुराचे पाणी तळ्यासारखे स्वच्छ नसते. त्यात झाडांच्या फांद्या, कपडे, दोऱ्या, तारा असतात. पाण्याखाली कुंपण आहे की भिंत, हे वरून कळत नाही. पंख्यात साडीसारखे लांब कापड अडकले, की मोटर जागीच थांबते. अशा वेळी होडीतला एक माणूस झाडाला किंवा खांबाला दोर टाकून होडी धरून ठेवतो. दुसरा वल्हे हातात घेऊन तिला भिंतीवर आपटू देत नाही. तिसरा आधी लाल दोरी काढतो, म्हणजे मोटर चुकूनही चालू होणार नाही. मग तो मोटर वर उचलून पंखा पाण्याबाहेर काढतो आणि सुरीने कापड कापून सोडवतो. पिन तपासतो, मोटर खाली सोडतो, लाल दोरी अडकवतो, फुगा कडक होईपर्यंत दाबतो. मग चालू करायची दोरी ओढतो आणि मोटर चालू झाली, की वळून आधी पाण्याची ती बारीक धार येते का, ते पाहतो.